लखनौच्या कोरड्या हवेत शंखातला खेकडा

“काल रात्रीपासून हलत नाही. मेला का?”

लखनौतल्या मराठी घरांतून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला आहे. मागोमाग दुसरा येतो, “दोन महिने झाले, शंख का बदलत नाही?” आणि तिसरा, जरा ओशाळून, “मीठ कोणतं घालायचं? स्वयंपाकातलं चालेल ना?” विचारणाऱ्यांत चौकात गलाईचा धंदा करणारी विटा-आटपाडीकडची कुटुंबं असतात, आरडीएसओत नाहीतर कँटोन्मेंटमध्ये बदलीवर आलेली असतात. मुलाच्या वाढदिवसाला कुणीतरी तारेच्या छोट्या पिंजऱ्यातून रंगीत शंखातला हर्मिट क्रॅब दिलेला असतो. नाहीतर सुट्टीत कोकणात गेलेल्या पोरानं किनाऱ्यावरून बाटलीत भरून आणलेला असतो.

मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. हे खेकडे बरीच वर्षं पाळतो आहे आणि पहिला माझ्याच चुकीनं गेला, एवढीच माझी पात्रता. दुकानदारानं पिंजरा, स्पंजाचा तुकडा आणि गोळ्यांची पुडी दिली होती. “रोज स्पंज ओला करा, बस्स,” असं सांगितलं होतं. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. खेकडा गेल्यावर मी आर्द्रता मोजायचं यंत्र विकत घेतलं. खोलीत काटा २२ वर होता. त्याला हवे होते ८०.

म्हणून सगळ्या सूचनांच्या आधी एक गोष्ट. लखनौत हा खेकडा बहुतेक वेळा रोगानं मरत नाही, हवेनं मरतो. जमिनीवर राहत असला तरी तो श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि कल्ले ओलसर असले तरच ते हवेतला प्राणवायू ओढू शकतात. कोरड्या हवेत तो हळूहळू, काही आठवड्यांत गुदमरतो. बाहेरून एवढंच दिसतं की अलीकडे तो “शांत” झाला आहे.

आधी ओळखा: जमिनीवरचा की समुद्रातला?

अलिबाग, मुरुड, गुहागर, मालवणच्या खडकांत भरती-ओहोटीच्या डबक्यांतून शंख घेऊन पळणारे छोटे खेकडे बहुतेक समुद्रातले असतात. त्यांना कायम खारं, हवा खेळती असलेलं पाणी लागतं. असा खेकडा कोरड्या पेटीत किंवा नळाच्या पाण्यात एक-दोन दिवस काढतो आणि जातो. त्याच्यासाठी समुद्री मत्स्यालयच हवं, आणि तो वेगळाच, खर्चिक छंद आहे. पाळीव म्हणून विकला जातो तो जमिनीवरचा, सीनोबिटा या प्रजातीतला. त्याचे डोळे लांबट, चपट्या देठांवर असतात. डावा डेंगा उजव्यापेक्षा ठळक मोठा असतो आणि आत शिरला की शंखाचं तोंड त्या डेंग्यानं दार लावावं तसं बंद होतं. समुद्रातल्या काही जातींतही डावा डेंगा मोठा असतो, तेव्हा नुसत्या डेंग्यावर विसंबू नका. डोळ्यांचे देठ पाहा, आणि तो पाण्याबाहेर राहायला धडपडतो की पाण्यातच राहू पाहतो हे पाहा.

किनाऱ्यावरून कालच आणला असेल, समुद्राच्याच पाण्यात असेल आणि तुम्ही अजून कोकणातच असाल, तर त्याच किनाऱ्यावर, त्याच खडकांत नेऊन सोडा. लखनौला येऊन पोचला असेल तर तो मार्ग संपला. गोमतीत सोडणं म्हणजे मारणंच आहे.

अजून घेतला नसेल तर

घेऊ नका, असं मी सांगतो, आणि स्वतः पाळूनही सांगतो. या खेकड्याची अंडी समुद्रातच फुटतात. पिल्लं काही आठवडे खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात आणि मग शंख शोधून जमिनीवर येतात. हे सगळं घरात घडवून आणणं जगभर मोजक्याच लोकांना साधलं आहे. म्हणजे दुकानातला खेकडा किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो, असंच धरून चाला. तुम्ही एक घेतला की त्याच्या जागी दुसरा उचलला जातो.

दुसरं कारण आयुष्याचं. चांगल्या व्यवस्थेत हा प्राणी तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. आज सातवीत असलेलं तुमचं पोर तेव्हा चाळिशीत असेल. बदल्या होणाऱ्या घरानं याचा विचार करावाच. आणि सामान खेकड्याच्या किमतीच्या कित्येक पट पडतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आधीच घरात आला असेल तर मात्र अपराधीपणात वेळ घालवू नका. खाली लिहिलंय ते आठवडाभरात जमवता येतं.

टाकी

तारेचा पिंजरा आजच बाजूला करा. त्यात ओलावा टिकणं अशक्य आहे. काचेची, मासे ठेवायची टाकी घ्या. दोन-तीन मध्यम खेकड्यांना ६० × ३० × ३० सेंटिमीटरची बरी. जुनी, बारीक गळणारीही चालते, कारण आत पाणी भरायचं नाही, पण वर काचेचं घट्ट झाकण हवं. सांध्यातल्या सिलिकॉनला धरून हे पठ्ठे सरळ वर चढतात आणि झाकण डोक्यानं उचलतात. झाकणावर पुस्तक ठेवा. एकदा माझा एक खेकडा रात्रीत दोन खोल्या ओलांडून चपलांच्या रॅकमध्ये सापडला होता.

तळाला भुसभुशीत, ओला थर हवा, आणि इथेच बहुतेक जण काटकसर करतात. खोली किमान १५ सेंटिमीटर, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. पाच भाग वाळू, एक भाग कोकोपीट.

लखनौत वाळू मागायची तर नावं सांभाळा. बांधकामाच्या दुकानात “मौरंग” आणि “बालू” असे दोन ढीग दिसतात. मौरंग जाड, तांबूस, टोकदार. ती नको. बारीक बालू घ्या. बादलीत पाणी निवळ होईपर्यंत धुवा, सात-आठ पाणी तरी लागतात. मग कढईत भाजून किंवा दोन दिवस कडक उन्हात वाळवून वापरा. कोकोपीट रोपवाटिकेत मिळतं, पण खत मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या आणि तेही दोनदा धुवा.

वजनाचा अंदाज आधी बांधा. या मापाच्या टाकीत १५ सेंटिमीटर थर म्हणजे २७ लिटर माल, त्यात वाळूच ३५ किलोच्या आसपास. काच आणि पाणी धरून सगळं ५० किलोच्या घरात जातं. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर हे ठेवायचं नाही.

थर किती ओला? मुठीत दाबला तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. बोट खुपसून भोक पाडलं तर ते तसंच राहायला हवं. कोसळलं तर कोरडं आहे, पाण्यानं भरलं तर जास्त झालं.

यंत्रं दोनच, तापमापक आणि आर्द्रतामापक, दोन्ही टाकीच्या आत. तापमान २४ ते २९ अंश, आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. स्वस्त आर्द्रतामापक दहा-पंधरा टक्के चुकीचं दाखवतात, म्हणून एकदा तपासून घ्या. बाटलीच्या बुचात स्वयंपाकाचं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून दाट लगदा करा. ते बूच आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आतली आर्द्रता ७५ वर येते. यंत्र ६८ दाखवत असेल तर इथून पुढे रोज ७ मिळवा. घरातल्या मिठाचा या छंदात एवढाच उपयोग.

दोन पाणी, एक मीठ

टाकीत दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. खेकड्याला आत उतरून शंख भरून घेता येईल एवढ्या खोल, आणि बाहेर यायला दगड किंवा जाळीची शिडी. शंखातलं पाणी तो स्वतःच्या अंदाजानं कमी-जास्त खारं करत असतो. स्पंज नको, त्यात फक्त घाण साठते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मासेवाल्यांकडे मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब वापरा. थेंब नसतील तर पाणी उकळून थंड करा किंवा पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवा. भांडं तांब्या-पितळेचं कदापि नको, तांबं कवचधारी प्राण्यांना विषारी असतं.

आता मीठ. चार पर्याय तुमच्या मनात येतील:

- आयोडीनयुक्त बारीक मीठ: नको. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यंही असतात.
- सैंधव: नको. खाणीतलं असो वा “शुद्ध” असो, ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं.
- कोकणातून आणलेलं खडे मीठ: हे समुद्राचंच ना, असं प्रत्येक जण विचारतो. समुद्राचं खरं, पण मिठागरात मीठ पडल्यावर उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात आणि मॅग्नेशियम बरंचसं त्यातूनच जातं. राहतं ते जेवणाला योग्य, खेकड्याला अपुरं.
- मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ: हेच. गोड्या पाण्याच्या माशांसाठी विकलं जाणारं “अ‍ॅक्वेरियम सॉल्ट” वेगळं, ते नको. पाकिटावर समुद्री मत्स्यालयासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं पाहून घ्या.

एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम. रात्री कालवा, सकाळी वापरा. वाळू ओली करायलाही हेच पाणी घेतलं तर बुरशी कमी धरते.

लखनौचं वर्ष

मालवणला हा खेकडा कसा पाळायचा यावर लेख लिहायचा तर अर्ध्या पानात संपला असता. खिडकी उघडी ठेवा, एवढंच तिथे सांगावं लागतं. लखनौत वर्षातून तीन वेळा हवा पूर्ण बदलते आणि प्रत्येक बदलात खेकडे जातात.

*एप्रिल ते जून.* बाहेर ४०-४२ अंश आणि लू. टाकी खिडकीपासून, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा. कुलर आणि एसी यांत इथे मोठा फरक आहे. कुलर ओली हवा फेकतो, त्यामुळे आर्द्रतेच्या दृष्टीनं खेकड्याच्या फायद्याचा, फक्त झोत थेट टाकीवर नको. एसी खोली गार करतो पण हवेतलं पाणी काढून घेतो. एसीच्या खोलीत झाकणाची फट चिकटपट्टीनं कमी करा आणि सकाळी एकदा क्लोरीन काढलेल्या पाण्याचा फवारा मारा. दिवसातून एकदा दोन मिनिटं झाकण उघडून हवा बदलली की पुरे. टाकीत ३२-३३ च्या वर काटा गेला तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. आत बर्फ टाकायचा नाही. खेकड्याच्या अंगातून तपकिरी, वास येणारा द्रव निघाला तर तो उष्णतेनं भाजला गेला आहे. अशा वेळी लगेच गार जागी हलवा, पण वाचण्याची आशा थोडीच असते.

*जुलै ते सप्टेंबर.* याच काळात खेकडे सर्वांत जास्त फिरतात, आणि घरातली माणसं सर्वांत निष्काळजी होतात. फवारा बंद करा. बाहेरची हवाच ओली असते आणि जादा पाणी तळाशी साचून वाळू सडते. काचेतून खालचा थर पाहा, काळपट दिसला, गटारासारखा वास आला, तर तो बदलावा लागेल. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आजी लोणच्याच्या बरण्यांना करायची तसं.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* माझ्या मते लखनौत खरी परीक्षा हीच. जानेवारीत पहाटे पारा ७-८ अंशांवर येतो, कधी त्याखालीही, आणि धुक्यात दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. टाकी १८ च्या खाली गेली की खेकडा सुस्त होतो, खाणं सोडतो. घरातला ब्लोअर खोली तापवतो पण हवा लूसारखी कोरडी करतो. उपाय म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा हीटिंग पॅड, थर्मोस्टॅटसह, टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर लावायचा. टाकीखाली कधीच नाही. खेकडा थंडीत ऊब शोधायला वर जात नाही, खाली खणत जातो आणि तळाच्या गरम काचेवर शिजतो. तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावा. रात्री वरून रजई टाका, पण पॅड झाकला जाणार नाही आणि झाकणाची एक कड उघडी राहील असं पाहा. वीज गेली तर गरम पाण्याच्या रबरी पिशव्या काचेला बाहेरून टेकवा.

पॅड ऑनलाइन मागवावा लागतो. ऑक्टोबरातच मागवा.

वाळूत गेला की हात लावू नका

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हलत नाही, दिसत नाही, म्हणजे मेला का? बहुधा नाही. तो कात टाकत असावा.

कवच वाढत नाही, म्हणून आतला खेकडा वाढला की त्याला जुनं कवच टाकून द्यावं लागतं. त्यासाठी तो वाळूत खोल जातो, स्वतःभोवती एक पोकळी करतो आणि अंधारात आठवडेच्या आठवडे पडून राहतो. लहान खेकडा दोन ते चार आठवडे, मध्यम चार ते आठ, लिंबाहून मोठा झालेला कधी दोन-तीन महिनेही. या काळात त्याचं अंग मऊ असतं. उकरून काढलात तर बहुतेक वेळा तो जगत नाही. “जिवंत आहे का ते फक्त पाहिलं” एवढ्याच कारणानं गेलेले खेकडे मला लूनं गेलेल्यांइतकेच ऐकू येतात.

खाली जायच्या आधी तो सांगून जातो. सारखं पाणी पितो, खूप खातो आणि एकदम बंद करतो, डोळे धुरकट होतात, पायांचा रंग उतरतो, वाळूत अर्धवट खड्डे पडतात. ही लक्षणं दिसली की कॅलेंडरवर तारीख लिहा आणि विसरून जा.

मेल्याची खूण एकच विश्वासाची, ती म्हणजे वास. सडलेल्या मासळीचा, नाकात जाणारा आणि रोज वाढणारा. टाकीत एक रिकामा खेकडा पडलेला दिसला, पाय-डेंग्यांसकट, तर रडायच्या आधी तो उचलून पाहा. कागदासारखा हलका आणि पोकळ असेल तर ती नुसती कात आहे. ती फेकू नका. नवं कवच घट्ट करायला तो हीच कात खातो.

कधी थर उथळ किंवा कोरडा असला तर खेकडा वाळूच्या वरच कात टाकतो. तेव्हा बाकीचे त्याला खाऊ शकतात. त्याला उचलू नका. दोन लिटरच्या बाटलीचा तळ आणि वरचं टोक कापा, ती नळी त्याच्याभोवती वाळूत खोल रोवा, वरून काळं फडकं टाका. आत पाणी आणि कात राहू द्या.

खाणं

दुकानातल्या गोळ्यांची पुडी उलटी करून घटक वाचा. कॉपर सल्फेट किंवा इथॉक्सिक्विन दिसलं तर गोळ्या टाकून द्या. खेकड्याला घरचंच आवडतं, फक्त बिनमिठाचं, बिनमसाल्याचं:

- धुतलेला जवळा किंवा सुकट (खारवलेली नको), उकडलेली मासळी, अंडं;
- ओलं खोबरं, गाजर, रताळं, मका, भोपळा;
- देशी बदामाची वाळलेली पानं, ज्यांवर फवारणी झालेली नाही अशी;
- कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं कुटून, आणि समुद्रफेस. तो इथे पंसारी “समुद्रफेन” म्हणून देतो.

चिमूटभर पुरतं. रात्री ठेवा, सकाळी उरलेलं काढा. कांदा-लसूण नको, आणि पाहुण्यांनी कौतुकानं पुढे केलेला गलौटी कबाबाचा तुकडाही नको.

एकटा खेकडा मलूल राहतो. नाव संन्याशाचं असलं तरी हा प्राणी थव्यानं राहणारा आहे. पण म्हणून दुकानातून जोडीदार आणू नका. ज्यांना आपला नको झाला आहे अशा घराकडून घ्या.

शंख: रंगवलेले नकोत, बेकायदा नकोत

रंगवलेल्या शंखाचे पोपडे निघतात आणि खेकडा ते खातो. अनेकदा त्याला त्या शंखात मुद्दाम घातलेलं असतं. तरी त्याला ओढून काढू नका. तो शंख सोडण्याऐवजी फाटून जाईल. प्रत्येक खेकड्यामागे तीन-चार साधे शंख ठेवा, तोंड त्याच्या मोठ्या डेंग्याएवढं किंवा किंचित मोठं. आधी पाण्यात उकळून, थंड करून घ्या.

शंखबदल पाहायला मिळाला तर भाग्य. खेकडा नव्या शंखाभोवती फिरतो, पायांनी गोल फिरवून पाहतो, डेंगा आत घालून खोली मोजतो, आतली वाळू काढून टाकतो. पुन्हा जुन्याकडे जातो, पुन्हा येतो. हे अर्धा-अर्धा तास चालतं. मग एका क्षणात मागचं मऊ, वाकडं, गुलाबी अंग उघडं पडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या शंखात जातं. दिवा लावू नका, पोरांना ओरडू देऊ नका. नवा शंख पसंत नसेल तर तो लगेच जुन्यात परततो, म्हणून जुना तिथेच राहू द्या.

आता कायद्याचं. नॉटिलस, शिंग असलेला मोठा हेल्मेट शंख, ट्रायटन यांसारखे काही शंख वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचींत आहेत. प्रवाळ आणि समुद्रपंखाही आहेत. इथे तंत्रमंत्राच्या दुकानात “इंद्रजाल” म्हणून जे काळं, जाळीदार झुडूप काचेच्या चौकटीत विकतात, ते बहुधा हेच. टाकीच्या सजावटीसाठी यांतलं काहीही घेऊ नका. विकणारा तर अडकतोच, बाळगणाराही अडकतो. मरून पडलेल्या साध्या गोगलगाईंचे शंख आणि टाकीत चढायला लाकडाची फांदी, एवढं पुरतं.

घरातली विषं

डास मारायचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू. यांतली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड वर्गातली. माणसाला ती सहन होतात. खेकडा मात्र कीटकांचा चुलतभाऊ आहे, त्याच औषधानं तोही मरतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे मच्छरदाणी लावा, मशीन नको. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टाकी दोन-तीन दिवस शेजाऱ्यांकडे हलवा. अगरबत्ती, धूप, हवन यांचा धूरही दूर ठेवा.

गलाईवाल्या घरांना वेगळं सांगायला हवं. खाली भट्टी आणि वर राहणं अशी चौकातली रचना असते. सोनं-चांदी शुद्ध करताना निघणारा तेजाबाचा धूर जिन्यानं वर येतो. तुम्हाला सवय झालेली असते, पण ओलसर कल्ल्यांवर तो आम्लासारखाच बसतो. टाकी जिन्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत ठेवा. तशी खोली नसेल तर खेकडा दुसऱ्या घराला द्या.

मुलांसाठी दोन नियम. खेकडा हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. त्यानं डेंग्यात बोट पकडलं तर झटकायचं नाही, हात कोमट पाण्याखाली धरायचा, तो सोडतो.

दुकानदार, बिल, तुमचे हक्क

“जिवंत माल, गॅरंटी नाही” हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात. इतकं गप्प बसायची गरज नाही.

- बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. प्राणी, पिंजरा आणि मीठ वेगवेगळं लिहून घ्या.
- “स्पंज ओला ठेवला की वर्षानुवर्षं जगतो” अशी खोटी माहिती देऊन विकणंही त्याच व्याख्येत येऊ शकतं. ती माहिती लेखी, निदान मोबाइलवरच्या संदेशात मिळवा.
- आधी दुकानदाराशी बोला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं.
- पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला २०१८ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात “प्राणी” म्हणजे मनुष्य सोडून कोणताही सजीव, म्हणजे खेकडाही आला. हलताही येणार नाही इतक्या छोट्या पिंजऱ्यात कोंडणं त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. या दंडाला कोण घाबरणार, ते तुम्हीच ठरवा. म्हणून माझा भर बिलावर.

अंदमानहून कुणी “मोठा होणारा” खेकडा भेट आणला असेल तर सावध राहा. नारळ फोडणाऱ्या राक्षसी खेकड्याची, बर्गस लॅट्रोची, पिल्लं लहानपणी शंखातच राहतात आणि हुबेहूब हर्मिट क्रॅबसारखी दिसतात. तो खेकडा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शंका आली तर लपवू नका, विकू नका, वनविभागाला स्वतःहून कळवा. मालवणच्या सागरी अभयारण्यातून, म्हणजे १९८७ पासून संरक्षित असलेल्या पट्ट्यातून, परवानगीशिवाय कोणताही वन्य जीव उचलायला मनाई आहे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

गावी जाताना

यात्रेला, लग्नाला, मे महिन्याच्या सुट्टीत घर महिनाभर बंद राहतं. झाकण घट्ट असेल, दोन्ही वाट्या भरलेल्या असतील, तर चार-पाच दिवस खेकडे स्वतःचं भागवतात. त्याहून जास्त दिवस असतील तर कुणाला तरी किल्ली द्या. पुष्पक एक्सप्रेसमध्ये मांडीवर डबा घेऊन मुंबईपर्यंत नेण्याचा विचार सोडा. चोवीस तासांचा हिंदकळता प्रवास, एसीची कोरडी हवा, आणि त्यातला एखादा वाळूखाली कात टाकत असेल तर त्याला उकरूनच काढावं लागणार. बदलीच झाली आणि न्यावंच लागलं तर सगळे वर आलेले असतील असा महिना निवडा. भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओल्या कापडाच्या घड्या घालून न्या.

मागे राहणारी मावशी किंवा शेजारी बहुतेक हिंदी बोलणारे असतात आणि साफसफाईच्या बाबतीत त्यांचा हात तुमच्यापेक्षा चांगला असतो. इथे तोच धोका. माझ्या ओळखीच्या एका घरात परत आल्यावर टाकी लखलखीत, वाळू नवी आणि खेकडे तीनाचे दोन झालेले होते. तेव्हापासून मी काचेवर जाड अक्षरांत कागद चिकटवून जातो, आणि तुम्हीही तसाच लावा: “पानी रोज़ बदलिए। बालू मत छेड़िए, नीचे केकड़ा है।” खाली तो वाळूत गेल्याची तारीख.